कोळसा पाडणाऱ्यांचे लोखंड

लोखंडाचा इतिहास बहुतेक वेळा भट्टीच्या तोंडाशी उभे राहून लिहिला जातो. वितळलेल्या धातूची लाल धार, वाळूतले साचे, पाणचक्कीवर चालणारा भाता, उघड्या अंगाने राबणारे ओतारी हे सगळे डोळ्यांत भरणारेच आहे. हे पुस्तक मात्र भट्टीकडे पाठ करून जंगलात शिरते. भट्टीपासून कोसभर दूर, झाडीतल्या एका सपाट गोलावर, धुरकटलेल्या मातीच्या ढिगाशेजारी एक माणूस आठ-आठ महिने राहत असे. त्याने पाडलेल्या कोळशाखेरीज भट्टीत एक शेर लोखंडही वितळले नसते. त्याचे काम, त्याची विद्या आणि त्याचे जगणे हा या पुस्तकाचा विषय आहे.

ज्या भट्टीच्या निमित्ताने हे सांगायचे आहे ती होपवेल. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या आग्नेय भागात, फ्रेंच क्रीक नावाच्या ओढ्याकाठी मार्क बर्ड याने १७७१ मध्ये ती उभारली. बर्डचे वडीलही लोखंडाच्या धंद्यातलेच होते. पुढे स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा होपवेलने तोफा आणि गोळे ओतले. युद्ध संपल्यावर बर्ड कर्जात बुडाला आणि १७८८ मध्ये भट्टीचा लिलाव झाला. १८०० मध्ये बकली आणि ब्रुक या नातेसंबंधातल्या घराण्यांनी ती घेतली. १८०८ ते १८१६ ती बंद होती. त्यानंतर क्लेमंट ब्रुकच्या कारभारात तिला बरकत आली. १८२० आणि १८३० च्या दशकांत होपवेलचे बिडाचे स्टोव्ह फिलाडेल्फियासारख्या शहरांतल्या घराघरांत गेले. १५ जून १८८३ रोजी भट्टी शेवटची विझली. मालकांची हकिगत एवढ्यात आटोपते आणि ती इतरत्र सविस्तर उपलब्धही आहे. जोसेफ वॉकर यांनी १९६६ साली होपवेलच्या सामाजिक आणि आर्थिक इतिहासावर लिहिलेला ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो.

भट्टीची भूक किती होती, हे आधी लक्षात घ्यावे लागते. होपवेलला भरभराटीच्या काळात वर्षाला ५,००० ते ६,००० कॉर्ड लाकूड लागे. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशी लाकडाची रचलेली थप्पी म्हणजे एक कॉर्ड, म्हणजेच १२८ घनफूट. एका एकर जंगलातून साधारण ३० कॉर्ड लाकूड निघते. याचा अर्थ दर वर्षी दोनशे एकर जंगल या एका भट्टीच्या पोटात जात होते. एका कॉर्डातून ३५ ते ४० बुशेल कोळसा मिळे (एक बुशेल सुमारे ३५ लिटर), आणि एक टन कच्चे लोखंड गाळायला दीडशे ते दोनशे बुशेल कोळसा खर्ची पडे. ३० कॉर्डांची एक रास धरली, तर वर्षाकाठी सुमारे दोनशे राशी रचायच्या, पेटवायच्या, सांभाळायच्या आणि फोडायच्या. हे आकडे कागदावर निमूट बसतात. त्यांतल्या प्रत्येक राशीमागे दहा ते चौदा दिवसांचे आणि तितक्याच रात्रींचे जागरण आहे.

कोळसाच का, थेट लाकूड का नाही, असे कोणीही विचारील. ताज्या लाकडात पाणी भरपूर असते, तेल-डांबरासारखे पदार्थ असतात. ते जळताना बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि भट्टीला हवा तो कडाका येत नाही. लाकूड हवेविना तापवले की हे सगळे उडून जाते आणि जवळपास निव्वळ कार्बन मागे राहतो. वजन मूळच्या चौथाईवर येते, पण जळण्याची ताकद एकवटते. शिवाय भट्टीत कार्बन दोन कामे करतो. तो जळून ताप देतो आणि त्याच वेळी खनिजातला प्राणवायू ओढून घेऊन धातू मोकळा करतो. लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसते, म्हणून त्यावर गाळलेले लोखंड ठिसूळ होत नाही. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०९ मध्येच दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखवले होते. तरीही पेनसिल्व्हेनियातल्या मालकांनी शतकभर लाकडी कोळसा सोडला नाही, त्याचे एक कारण हा गुण आहे. दुसरे कारण साधे: जंगल हाताशी होते आणि ते मोजायला कोणी बसले नव्हते.

लाकडी कोळशाला, लोणारी कोळशाला, एक अंगचा दोषही आहे. तो ठिसूळ असतो. लांबून आणला तर वाटेतच त्याचा चुरा होतो, आणि चुऱ्याने भट्टीतली हवेची वाट तुंबते. म्हणून कोळसा भट्टीच्या आसपासच पाडावा लागतो, आणि जवळचे जंगल सरले की कोळसा पाडणाऱ्याला आणखी आत सरकावे लागते. भट्टी किती उंच बांधता येईल यालाही याच ठिसूळपणाने मर्यादा घातली, कारण वरच्या भाराखाली खालचा कोळसा चिरडतो. होपवेलची भट्टी जेमतेम तीस फुटांच्या आसपास उंचीची राहिली, ती याच कारणाने. एका झाडाच्या निखाऱ्याची ताकद अख्ख्या कारखान्याचा आकार ठरवते, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात फार महत्त्वाची वाटते.

काम सुरू होई हिवाळ्यात, लाकूडतोड्यांपासून. झाडाचा रस उतरलेला असताना, पाने गळालेली असताना तोड करायची, चार फुटी ओंडके करायचे आणि कॉर्ड लावून ठेवायचे. चांगला तोड्या दिवसाला दोनेक कॉर्ड काढी. मजुरी कॉर्डावर. शेतीच्या हंगामात शेत राखणारे अनेक जण हिवाळ्यात कुऱ्हाड घेऊन भट्टीच्या रानात येत. ओक, हिकरी, चेस्टनट ही कामाची झाडे. चेस्टनटची एक खूबी होती. तोडलेल्या बुंध्यातून ते पुन्हा झपाट्याने फुटे आणि पंचवीस-तीस वर्षांत कोळशाजोगे होई.

खरी कसोटी पुढे. वसंत लागला, जमीन वाळली की कोळसा पाडणारा रानात उतरे. आधी जागा: तीस ते चाळीस फूट व्यासाचा, गवतमुळे काढून चोपलेला, सपाट गोल. उतारावर असेल तर एक बाजू खणून दुसरीकडे भर घालायची. मधोमध एक उंच खांब रोवायचा आणि त्याभोवती बारीक फाटी त्रिकोणात एकावर एक रचत धुराड्याची पोकळी उभी करायची. मग ओंडके उभे, किंचित आत कललेले, एकाला एक टेकवत वर्तुळावर वर्तुळ लावत जायचे. पहिला थर पुरा झाला की त्यावर दुसरा. वरचा भाग आडव्या लाकडांनी गोलाकार करून आणायचा. मधल्या फटींत बारीक फाटी ठासायच्या, कारण फट राहिली तर हवा शिरते, आणि हवा शिरली तर लाकडाची राखच हाती येते. त्यावर ओला पालापाचोळा, आणि पाचोळ्यावर माती. ही माती नुसती माती नसे. जुन्या राशींच्या जागेवरची, कोळशाच्या भुकटीने काळी झालेली माती पुन्हा पुन्हा वापरली जाई. ती झाकते चांगली आणि हलके श्वासही घेऊ देते. अशा एका राशीत २५ ते ५० कॉर्ड लाकूड मावे.

धुराड्यातून खाली निखारे आणि वाळकी फाटी टाकून रास पेटवायची आणि वरचे तोंड झाकायचे. इथून पुढे सगळा कारभार हवेच्या हिशेबाचा. आग पुरती विझू द्यायची नाही आणि पेट तर घेऊच द्यायचा नाही. लाकूड आत धुमसत राहिले पाहिजे, वरून खाली आणि मधून कडेकडे. तळाशी भोके पाडायची, बुजवायची, वाऱ्याची दिशा बदलली की बाजू बदलायची. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, कारण लाकडातले पाणी वाफ होऊन निघत असते. दिवस जातात तसा तो पातळ होतो आणि निळसर पडतो. त्या निळसरपणावरून माणूस ओळखे की इथले लाकूड पिकले, आता इथली हवा बंद करायची. घड्याळ नव्हते, तापमापक नव्हता. धुराचा रंग, वास, ढिगाच्या अंगावरची ऊब आणि मातीचा खचलेला भाग एवढीच त्याची साधने.

लाकूड आटते तशी रास आत बसत जाते, पण सगळीकडे सारखी नाही. कुठे आत पोकळी राहते. ती शोधायला माणूस शिडीवरून राशीच्या डोक्यावर चढे आणि पाय आपटत, उड्या मारत फिरे. जिथे पाय दबला तिथे आत पोकळी आहे. ती उकरायची, लाकूड भरायचे, पुन्हा पाचोळा आणि माती. पायाखाली काही शे अंशांची धुमसती आग, आणि मधे वीतभर मातीचा थर. पाय आत गेला तर जीव जाण्याची वेळ. तरीही हे काम रोजचे होते, रात्रीही होते, पावसातही होते. एखाद्या ठिकाणी ज्वाळा बाहेर पडली आणि घटकाभर कोणाच्या लक्षात आले नाही, तर एका तोड्याची दोन-तीन आठवड्यांची तोड पाहता पाहता राख होई. हे मी पुन्हा सांगतो, कारण या व्यवसायाचे सगळे मर्म त्यात आहे. कोळसा पाडणे म्हणजे सलग लक्ष देणे. त्यातल्या अंगमेहनतीचे मोल कोणालाही कळते, पण इथे जे विकले जात होते ते मुख्यतः जागे राहणे होते.

आणि तो एका राशीपाशी जागा नसे. जाणता माणूस एक-दोन मदतनिसांना घेऊन एकाच वेळी आठ-नऊ राशी सांभाळी. वसंतापासून शरद ऋतू संपेपर्यंत तो रानातच राही. त्याची झोपडी खांब एकत्र टेकवून शंकूसारखी बांधलेली, पाचोळ्याने आणि गवताच्या मुळांसकट काढलेल्या मातीच्या ढेपांनी शाकारलेली असे. आत ओंडक्यांवर अंथरलेला बिछाना, एखादी चूल, आणि जवळच पाण्याची सोय. रास पिकली की सगळी भोके बुजवून ती निवू द्यायची आणि मग थोडी थोडी फोडायची. लांब दातांच्या फावड्या-दाताळ्यांनी एका वेळी थोडाच कोळसा ओढायचा, कारण एकदम हवा लागली तर विझलेला कोळसा पुन्हा पेटतो. धुराने डोळे लाल, कातडीत काजळी मुरलेली, अंगाला सदा त्याच वासाची सोबत. गावात आल्यावर माणसे त्याला वासावरून ओळखत असतील, तर त्यात नवल नाही.

कोळसा निघाला की गाडीवानाचे काम. मोठ्या गाड्या, त्यांच्या तळाच्या फळ्या सरकवता येणाऱ्या. भट्टीवर पोचल्यावर फळ्या ओढल्या की माल खाली पडे. पण त्या फळ्यांचा दुसरा उपयोगही होता. वाटेत कोळशाने पेट घेतला तर जागेवरच सगळा माल टाकून गाडी आणि घोडे वाचवायचे. होपवेलला कोळसा आधी निववण्याच्या छपरीत उतरवत, तो खरोखर विझला आहे याची खात्री करत, आणि मगच कोठारात घेत. त्या कोठाराच्या दगडी भिंती आजही पाहता येतात.

मजुरी बुशेलवर. चांगला कोळसा जास्त पाडला तर जास्त पैसा, रास पेटून राख झाली तर हात रिकामे. जागरणाला दर नव्हता. भट्टीच्या खतावणीत प्रत्येक माणसाच्या नावे दोन बाजू आहेत: एका बाजूला कॉर्ड, बुशेल, खेपा, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या दुकानातून घेतलेले पीठ, डुकराचे मांस, कापड, जोडे, तंबाखू. रोख पैसा हातात फार कमी येई. वर्षाअखेर हिशेब व्हायचा, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो शून्याच्या आसपासच उतरायचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. आपल्याकडे लोणारी समाजाने चुन्याच्या आणि कोळशाच्या भट्ट्या पिढ्यानपिढ्या चालवल्या. रायगड आणि ठाणे भागातली कातकरी कुटुंबे आजही उचल घेऊन पावसाळ्यानंतर कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, आणि उचल फेडताना पुढची उचल घेतात. पेनसिल्व्हेनियाचा जंगलकामगार आणि हा कातकरी यांच्यात दोन शतकांचे अंतर आहे, कायदेही वेगळे आहेत. पण उधारीच्या वहीत नाव चढलेल्या माणसाला काम बदलणे किती अवघड जाते, हे दोन्हीकडे सारखे आहे. होपवेलच्या जुन्या कागदांकडे केवळ गतकाळाची मौज म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

हे कामगार कोण होते? जर्मन, इंग्रज, वेल्श वंशाचे पुष्कळ. आणि काळे लोकही. होपवेलच्या पायाभरणीत गुलामांचे श्रम आहेत हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मार्क बर्ड हा बर्क्स परगण्यातला सर्वांत मोठा गुलामधारक होता. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. एकोणिसाव्या शतकात होपवेलच्या नोंदींत मुक्त काळ्या कामगारांची नावे गोऱ्यांच्या शेजारी, मजुरीसह, आढळतात. भट्टीच्या मालकाच्या वाड्याचे वर्णन प्रत्येक लेखात येते. जंगलातल्या झोपडीचे वर्णन मात्र चार-दोन ओळींत आटपते. पुढच्या प्रकरणांत हा तोल जाणून उलटवला आहे.

जंगलाविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. भट्ट्यांनी रानेच्या राने उजाड केली, असे सरसकट म्हटले जाते, आणि अनेक ठिकाणी ते खरेही आहे. दोनशे एकर दर वर्षी तोडायचे तर भट्टी कायम चालायला पाच-सहा हजार एकरांचा फिरता साठा हवा, म्हणजे तोडलेली रानेही पुन्हा उभी राहायला हवीत. चेस्टनट पुन्हा फुटत असल्याने बरेचसे रान फिरून वाढत राहिले. म्हणूनच होपवेल, मधला बंद काळ सोडता, शतकभर जगली. एका अर्थाने मालकाने जंगल राखले, पण लाकडाचे कोठार म्हणून. त्यातली झुडुपे, जनावरे, ओढ्याचे पाणी कोणाच्या हिशेबात नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बुरशीच्या रोगाने अमेरिकेतले चेस्टनट जवळजवळ संपवले. ज्या झाडाने ही भट्टी सांभाळली ते पुढच्या पिढीला पाहायलाही मिळाले नाही.

शेवट जंगल संपल्यामुळे झाला नाही. १८२८ मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स नीलसनने भात्याची हवा तापवून भट्टीत सोडण्याची युक्ती काढली. तिच्या आधाराने डेव्हिड थॉमसने ४ जुलै १८४० रोजी पेनसिल्व्हेनियातच, कॅटासॉक्वा येथे, अँथ्रासाइट या कडक दगडी कोळशावर लोखंड गाळायला सुरुवात केली. मग रेल्वे आली, दगडी कोळसा स्वस्तात सगळीकडे पोचू लागला, भट्ट्या उंच झाल्या. होपवेलनेही १८५३ मध्ये अँथ्रासाइटची भट्टी उभारली, पण ती चालली नाही. जुन्या पद्धतीचे शुद्ध लोखंड रेल्वेच्या चाकांसाठी काही काळ मागणीत राहिले, आणि त्या बळावर जंगलातल्या राशी आणखी तीसेक वर्षे धुमसत राहिल्या. आपल्याकडे १९२३ मध्ये भद्रावतीला सुरू झालेला म्हैसूर संस्थानाचा लोखंड कारखानाही आरंभी लाकडी कोळशावरच चालला. म्हणजे ही विद्या होपवेलबरोबर मेली नाही. जिथे जंगल होते आणि दगडी कोळसा लांब होता तिथे ती टिकली.

होपवेलमध्ये मात्र ती एका माणसाच्या हातात येऊन थांबली होती. १९३५ च्या सुमारास सरकारने ही जमीन घेतली आणि १९३८ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. त्या सुमारास लाफायेट हाउक नावाच्या वृद्ध कोळसेवाल्याने जुन्या रीतीने रास रचून, पेटवून, अभ्यासकांना दाखवली. त्याच्या सांगण्यावरून आणि करण्यावरूनच पुढे लिखित वर्णने तयार झाली. खांब किती उंच, पाचोळा किती जाड, धूर निळा पडल्यावर कोणते भोक बुजवायचे हे होपवेलमध्ये त्याच्याआधी कोणी लिहून ठेवल्याचे दिसत नाही, कारण ते लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. मालकाकडे बुशेलचा आकडा होता, आणि त्याला तेवढे पुरत होते. आज विमानातून लेझर किरण टाकून जमिनीचे बारीक उतार मोजता येतात, आणि त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या जंगलांत राशींच्या अशा हजारो गोल जागा नकाशावर उमटल्या आहेत. कुदळ मारली की आजही तिथली माती काळी निघते. प्रत्येक गोल हा कोणातरी माणसाचा कामाचा पत्ता आहे.

वाचकाने पहिली दोन प्रकरणे घाईने ओलांडू नयेत. त्यांत लाकूडतोड आणि रास रचण्याचा तपशील आहे, आणि तो कोरडा वाटण्याचा धोका मी जाणतो. पण राशीवर चढून उडी मारण्यामागचे कारण कळल्याशिवाय पुढच्या प्रकरणांतल्या मजुरीच्या वादांचा, उधारीच्या नोंदींचा आणि पळून गेलेल्या कामगारांचा अर्थ लागत नाही. भट्टी या पुस्तकात चौथ्या प्रकरणात येते. तोवर कोळसा पोचलेला असतो.